वाचकांचे प्रश्न: ओपनव्हीएमएसमध्ये लांब पाथला छोटं नाव

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममधली लॉजिकल नावं, म्हणजे लांब पाथला दिलेली छोटी नावं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ओपनव्हीएमएस ही प्रणाली १९७८ मध्ये व्हॅक्स यंत्रांसाठी ग्राहकांच्या हाती दिली. आज तिची ९.२ ही आवृत्ती (२०२२) इंटेल-एएमडी जातीच्या सर्व्हरवर चालते. एकदा जिथे ती बसली, तिथून सहसा हलत नाही. रेल्वेच्या आरक्षणाचं कॉन्सर्ट हे सॉफ्टवेअर याच प्रणालीवर वाढलं. त्यामुळे तिच्यावर काम करणारे वाचक आपल्याकडेही आहेत, आणि त्यांचे प्रश्न नेमके आहेत.

छपाईच्या सोयीसाठी कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. कोलन, ठिपका, चौकटी कंस मात्र छापलेत तिथेच द्या. खालच्या निम्म्या अडचणी या तीन खुणांच्याच आहेत.

प्रश्न: आमच्या मासिक पगार-अहवालांची डिरेक्टरी चार पातळ्या आत आहे. दर वेळी सगळा पाथ टाइप करावा लागतो. याला लघुरूप कसं द्यायचं? डीसीएलचं (ओपनव्हीएमएसच्या कमांड भाषेचं) सिम्बॉल वापरलं तर चालेल का?

उत्तर: लॉजिकल नाव द्या.

डिफाइन पगार_अहवाल डीकेए१००:[लेखा.पगार.मासिक.अहवाल]

यात डीकेए१०० हे डिस्कचं नाव. आता पुढच्या तिन्ही कमांड चालतील:

डिरेक्टरी पगार_अहवाल:
टाइप पगार_अहवाल:मार्च.लिस
सेट डिफॉल्ट पगार_अहवाल:

व्याख्या करताना नावापुढे कोलन नाही, वापरताना आहे, हे पाहून ठेवा. त्यावरचा एक प्रश्न खाली आलाच आहे.

सिम्बॉलचा उपयोग वेगळा. डीसीएल सिम्बॉल आपणहून उलगडतं ते कमांडच्या पहिल्या शब्दापुरतं. इतरत्र अवतरणचिन्हांची कसरत करावी लागते, आणि कोबोल किंवा फोर्ट्रान प्रोग्रामच्या आतल्या फाइलनावाला तर सिम्बॉल ठाऊकच नसतं. लॉजिकल नाव फाइल उघडणारी यंत्रणा, म्हणजे आरएमएस, स्वतः उलगडते. त्यामुळे प्रोग्राममध्ये 'पगार_अहवाल:मार्च.डॅट' एवढं लिहिलं की पुरे. टायपिंग वाचतं हा किरकोळ फायदा झाला. खरा फायदा असा की पाथ कुठे आहे हे एकाच ठिकाणी लिहिलेलं राहतं.

नावात डॉलरचं चिन्ह घालू नका. डॉलरवाली नावं प्रणाली पुरवणाऱ्यासाठी राखीव असण्याचा संकेत आहे. आपल्या नावांत अधोरेखा वापरायची. आणि 'डेटा', 'टेस्ट', 'टेम्प' अशी उघडी नावं टाळा. तीच नावं आणखी कोणाला तरी सुचलेली असतातच.

प्रश्न: नाव 'शो लॉजिकल'मध्ये दिसतं, पण वापरलं की डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येतो. 'डीअसाइन' केलं तर असं नावच नाही म्हणतं. हे भूत काय आहे?

उत्तर: भूत नाही, कोलन आहे. तुम्ही बहुधा असं लिहिलंत:

डिफाइन काम_जागा: डीकेए१००:[लेखा.काम]

'डिफाइन' शेवटचा कोलन काढत नाही, तो नावाचाच भाग होतो. लॉजिकल नावांच्या तक्त्यात 'काम_जागा:' असं कोलनसकट नाव बसतं आणि आरएमएस शोधतं 'काम_जागा'. 'शो लॉजिकल काम*' करून अवतरणचिन्हांच्या आत कोलन दिसतो का पाहा. पुसताना गंमत अशी, की 'डीअसाइन' एक कोलन आपणहून गाळतं. म्हणून दोन द्यावे लागतात:

डीअसाइन काम_जागा::

मग कोलनाशिवाय पुन्हा व्याख्या करा.

प्रश्न: 'डिफाइन' आणि 'असाइन' यांत फरक काय?

उत्तर: क्रम उलटा. 'डिफाइन'मध्ये आधी नाव, मग पाथ. 'असाइन'मध्ये आधी पाथ, मग नाव. शिवाय 'असाइन' नावामागचा कोलन काढून टाकतं. दोन्ही चालतात, पण एका खात्याच्या कमांड फाइल्समध्ये दोन्हींची सरमिसळ नको. वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

प्रश्न: दिवसा सगळं नीट चालतं. रात्रीचा बॅच जॉब (रांगेत लावून आपोआप चालणारं काम) मात्र 'नो ट्रान्सलेशन' म्हणून पडतो. खातं एकच, कमांड फाइलही तीच. संध्याकाळी लॉगआउट करून आल्यावर हाताने दिलेली नावंही जातात.

उत्तर: दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. नाव कुठल्या तक्त्यात बसलंय, त्यावर त्याचं आयुष्य ठरतं.

काही न सांगता 'डिफाइन' केलं की नाव प्रोसेसच्या तक्त्यात जातं. प्रोसेस संपली की नाव संपलं. 'डिफाइन/जॉब' केलंत तर त्या लॉगिनमधून 'स्पॉन' केलेल्या सगळ्या उपप्रोसेसना ते एकत्र दिसतं. 'डिफाइन/ग्रुप'ने तुमच्या यूआयसी गटातल्या (वापरकर्त्यांच्या गटातल्या) सगळ्यांना दिसतं, त्याला जीआरपीनाम हा हक्क लागतो. 'डिफाइन/सिस्टिम'ने यंत्रावरच्या सर्वांना दिसतं, त्याला सिसनाम लागतो. क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेली यंत्रं असतील, तर ७.२ आवृत्तीपासून सगळ्या नोडना (यंत्रांना) सामायिक असा आणखी एक तक्ता आहे. फाइल उघडताना शोध याच क्रमाने होतो: प्रोसेस, जॉब, ग्रुप, सिस्टिम. पहिलं सापडलेलं नाव खरं.

आता बॅच. 'सबमिट' केलेलं काम म्हणजे तुमच्या लॉगिनचा पुढचा भाग नव्हे, तो संपूर्ण नवा जॉब असतो. तुमच्या प्रोसेसची नावं त्याला मिळत नाहीत, जॉब तक्त्यातलीही नाहीत. 'जॉब' या शब्दाने फसून अनेक जण '/जॉब' लावतात आणि रात्री तोच संदेश पुन्हा पाहतात. बॅच सुरू होताना तुमची लॉगिन.कॉम फाइल मात्र चालते. म्हणजे नाव तिथे असेल तर मिळायला हवं. मग का मिळत नाही? लॉगिन.कॉमच्या वरच्या भागात अशी ओळ आहे का पाहा:

$ इफ एफ$मोड() .एनईएस. "इंटरॅक्टिव्ह" देन एक्झिट

ही ओळ टर्मिनलची सजावट, प्रॉम्प्ट वगैरे बॅचमध्ये चालू नये म्हणून टाकलेली असते. ती योग्यच आहे. पण तिच्याखाली लिहिलेल्या व्याख्या बॅचपर्यंत पोहोचत नाहीत. सगळ्या 'डिफाइन' ओळी तिच्या वर न्या, बहुतेक तक्रारी तिथेच मिटतील.

एकट्याचं नाव लॉगिन.कॉममध्ये ठेवावं. सगळ्या खात्याला लागणारं नाव मात्र प्रत्येकाच्या लॉगिन.कॉममध्ये डकवत बसू नका. ते सिस्टिम तक्त्यात हवं, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही टिकायला हवं, म्हणून व्यवस्थापकाकडून सिस$मॅनेजर:सिलॉजिकल्स.कॉम या फाइलमध्ये घालून घ्या. ती यंत्र सुरू होताना चालते. हाताने 'डिफाइन/सिस्टिम' करून फाइलमध्ये घालायचं विसरलं, तर चूक कळते ती पुढच्या रीबूटला. कधीकधी वर्षभराने.

एक बारीक पोटमुद्दा: विशेष हक्कांनिशी इन्स्टॉल केलेला प्रोग्राम साध्या वापरकर्त्याने दिलेली नावं जुमानत नाही. नाहीतर कुणीही एखादं नाव फिरवून त्याला भलतीच फाइल उघडायला लावेल. अशा प्रोग्रामसाठी नाव '/सिस्टिम/एक्झिक्युटिव्ह' असं द्यावं लागतं.

उलट टोकाला, फक्त एका प्रोग्रामच्या एका फेरीपुरतं नाव हवं असेल तर 'डिफाइन/यूजर_मोड' वापरा. पुढचा प्रोग्राम संपला की ते आपोआप जातं. चाचणीसाठी ही फार चांगली सोय आहे: खऱ्या डेटाऐवजी चाचणीच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवायचं, प्रोग्राम चालवायचा, मागे काही उरत नाही.

प्रश्न: 'पगार' खाली पुष्कळ उपडिरेक्टऱ्या आहेत. प्रत्येकीला वेगळं नाव न देता 'पगार:[मासिक]', 'पगार:[बोनस]' असं लिहिता येईल का? प्रयत्न केला तर डिरेक्टरीच्या नावात चूक आहे असा संदेश येतो.

उत्तर: येईल. त्यासाठी रूटेड, म्हणजे मुळाचं लॉजिकल नाव लागतं, आणि त्याला साध्या नावापेक्षा दोन गोष्टी जास्त लागतात:

डिफाइन/ट्रान्सलेशन_अ‍ॅट्रिब्यूट्स=कन्सील्ड पगार डीकेए१००:[लेखा.पगार.]

बंद कंसाच्या आधीचा ठिपका पाहा. 'पाथ इथे संपत नाही, पुढे जोडायचंय' असं तो सांगतो. तुमच्या व्याख्येत बहुधा हा ठिपकाच राहिला आहे. दुसरी गोष्ट 'कन्सील्ड'. त्यामुळे 'पगार' हीच जणू एक वेगळी डिस्क असल्यासारखं प्रणाली वागवते. संदेशांत, 'शो डिफॉल्ट'मध्ये, डिरेक्टरीच्या यादीत सगळीकडे 'पगार:[मासिक]' असंच दिसतं, खरी डिस्क आड राहते.

आता 'पगार:[मासिक.अहवाल]' चालेल. खुद्द पगार डिरेक्टरीतल्या फाइल्ससाठी कंसात सहा शून्यं: 'पगार:[००००००]'. डिस्कच्या मुळाला जे नाव असतं तेच या नकली डिस्कच्या मुळालाही. 'सेट डिफॉल्ट [-]' करत वर गेलात तर याच पातळीवर अडाल, 'लेखा'पर्यंत पोहोचणार नाही. पण याला सुरक्षा समजू नका. ज्याला खरा पाथ ठाऊक आहे तो थेट डीकेए१०० वर जाऊ शकतो. फाइलचं रक्षण प्रोटेक्शन आणि एसीएल (परवानग्यांची यादी) यांनीच होतं.

उजवीकडे डिस्कचं खरं नाव द्यावं, दुसरं लॉजिकल नाव नको. पुष्कळ ठिकाणी डिस्क$लेखा अशी, माउंट करताना तयार होणारी नावं इथे दिलेली दिसतात आणि ती चालतानाही दिसतात. तरी मुळाच्या नावासाठी नियम खऱ्या डिव्हाइसचाच पाळा. ते शोधायला 'शो लॉजिकल डिस्क$लेखा' पुरे.

७.२ च्या आधीच्या आवृत्त्यांवर या नावांचा आणखी एक उपयोग होता. तिथे डिरेक्टऱ्या आठ पातळ्यांपर्यंतच जात. मुळाचं नाव दिलं की तिथून पुन्हा आठ मोजायला मिळत. जुन्या यंत्रावरून आलेल्या व्यवस्थेत विचित्र ठिकाणी तोडलेली मुळं दिसली तर कारण हे असू शकतं. उगाच 'साफ' करायला जाऊ नका.

साधं, ठिपक्याविना दिलेलं नाव असेल आणि खाली उतरायचं असेल, तर आधी 'सेट डिफॉल्ट पगार_अहवाल:' आणि मग 'सेट डिफॉल्ट [.जुने]'. इथेही सावध राहा: 'सेट डिफॉल्ट' डिरेक्टरी अस्तित्वात आहे की नाही हे तपासतच नाही. स्पेलिंग चुकलं तरी गुपचूप 'जातं', आणि पुढच्या कमांडला 'डिरेक्टरी नॉट फाउंड' येतं. दोष त्या पुढच्या कमांडला देऊ नका.

प्रश्न: एका नावाला दोन डिरेक्टऱ्या देता येतात असं वाचलं. त्यात धोका काय?

उत्तर: देता येतात, स्वल्पविरामाने:

डिफाइन स्रोत डीकेए१००:[माझे.स्रोत], डीकेए२००:[सामाईक.स्रोत]

याला सर्च लिस्ट म्हणतात. फाइल वाचताना आधी पहिल्या जागी शोध, नसेल तर दुसऱ्या. 'डिरेक्टरी स्रोत:' केलं की दोन्ही जागांच्या याद्या येतात. फक्त बदललेल्या चार फाइल्स स्वतःकडे आणि उरलेल्या सामाईक, असं काम करायला हे उत्तम.

धोका लिहिण्यात आहे. नवी फाइल नेहमी पहिल्या जागी तयार होते. याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण प्रणालीतच आहे. सिस$सिसरूट हे स्वतः सर्च लिस्ट आहे: आधी त्या एका नोडची खास जागा, मग क्लस्टरभर सामाईक असलेली सिस$कॉमन. व्यवस्थापक सामाईक फाइल सुधारून 'कॉपी' करतो सिस$मॅनेजर: मध्ये. ती जाऊन बसते खास जागेत. या नोडवर बदल दिसतो, बाकीच्या नोडवर जुनीच फाइल चालत राहते. पुढे कोणी सिस$कॉमनमधली फाइल सुधारली तर या नोडला ती दिसतच नाही, कारण खास जागेतली प्रत आडवी येते. सामाईक फाइल लिहायची असेल तर पूर्ण लिहा: सिस$कॉमन:[सिसएमजीआर].  

पुसतानाही सर्च लिस्टच्या नावावर 'डिलीट' चालवू नका. खरा पाथ द्या. तिथे टायपिंगची दोन मिनिटं वाचवण्यात काही शहाणपणा नाही.

प्रश्न: 'टाइप हिशेब' केलं तर भलतीच फाइल उघडते. चालू डिरेक्टरीत हिशेब नावाची फाइल आहे.

उत्तर: 'हिशेब' नावाचं लॉजिकल नावही कुठल्या तरी तक्त्यात आहे. ठिपका, कंस, काहीच नसलेला एकटा शब्द आला की तो लॉजिकल नाव आहे का हे आधी पाहिलं जातं. 'टाइप हिशेब.लिस' असं प्रकारासकट लिहा.

प्रश्न: 'लॉजिकल नेम ट्रान्सलेशन काउंट एक्सीडेड' हा संदेश कशाचा?

उत्तर: नावं एकमेकांकडे बोट दाखवत गोल फिरताहेत. 'अ' म्हणजे 'ब:', 'ब' म्हणजे 'अ:'. काही पायऱ्यांनंतर आरएमएस हात टेकतं. 'शो ट्रान्सलेशन' एका वेळी एकच पायरी उलगडून दाखवतं, त्याने एकेक नाव पाहत गेलात की वर्तुळ सापडेल. डिव्हाइसचंच नाव लॉजिकल म्हणून दिलं असेल तर उजवीकडे आधी अधोरेखा घाला: '_डीकेए१००:'. अधोरेखेने सुरू होणारं नाव पुढे उलगडलं जात नाही.

प्रश्न: आमचं काम आता विंडोज आणि लिनक्सवर चाललंय. तिथे असं काही आहे का?

उत्तर: जवळपासचं आहे, तेच नाही.

विंडोजवर 'सब्स्ट पी: डी:\लेखा\पगार\मासिक' केलं की पी: ही ड्राइव्ह त्या फोल्डरवर उघडते, 'सब्स्ट पी: /डी' ने जाते. २६० अक्षरांच्या पाथमर्यादेत अडकणाऱ्या जुन्या प्रोग्रामना याने बराच श्वास मिळतो. पण लॉगऑफ झालं की ती गेली, आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून' उघडलेल्या खिडकीत ती दिसत नाही, कारण ते वेगळं लॉगिन-सत्र धरलं जातं. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला तिचा भरवसा देऊ नका.

लिनक्सवर पर्यावरण-चल फक्त शेल उलगडतं. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये '$पगार/मार्च' लिहिलं तर बहुतेक प्रोग्राम ते अक्षरशः तसंच वाचतात. व्हीएमएसच्या नावाच्या जवळ जाते ती सिम्बॉलिक लिंक: 'एलएन -एस', आधी खरा पाथ, मग नाव. लिंकमधून आत गेल्यावर 'सीडी ..' तुम्हाला लिंक जिथे आहे तिथे परत आणतं, पण 'एलएस ..' खऱ्या डिरेक्टरीच्या वरची यादी दाखवतं. शेल आलेला रस्ता लक्षात ठेवतं, कर्नल ठेवत नाही. खरी जागा पाहायची तर 'पीडब्ल्यूडी -पी'.

प्रोसेस-जॉब-ग्रुप-सिस्टिम अशी उतरंड आणि सर्च लिस्ट मात्र या लिंकमध्ये नाही.

प्रश्न: डीकेए१०० भरत आलीय. 'लेखा'चं सगळं झाड डीकेए३०० वर न्यायचंय. लॉजिकल नावं आहेत, म्हणजे नाव बदललं की झालं ना?

उत्तर: सगळ्यांनी खरोखर नावच वापरलं असेल तर. आधी ते तपासा:

सर्च डीकेए१००:[लेखा...]*.कॉम "डीकेए१००"

इथे जेवढ्या ओळी सापडतील तेवढ्या ठिकाणी कोणीतरी पाथ थेट लिहून ठेवलाय. त्या आधी सुधारा. प्रोग्रामच्या सोर्समध्येही हाच शोध घ्या, आणि लोकांच्या लॉगिन.कॉममध्येसुद्धा. तिथे 'पगार' नावाची खाजगी, जुनी व्याख्या असेल तर तीच आधी सापडेल आणि सिस्टिम तक्त्यातली नवी व्याख्या त्या माणसापुरती निरुपयोगी ठरेल.

मग बॅचची रांग थांबवा आणि 'शो डिव्हाइस/फाइल्स डीकेए१००:' ने उघड्या फाइल्स पाहा. ही पायरी गाळू नका. नाव बदलल्याचा परिणाम पुढच्या वेळी फाइल उघडताना होतो. आधीच उघडलेली फाइल जुन्या डिस्कवरच लिहिली जात राहते, कुठलाही संदेश न देता. यादीत 'लेखा'खालची फाइल उरली नाही की नक्कल करा:

बॅकअप डीकेए१००:[लेखा...]*.*;* डीकेए३००:[लेखा...] /बाय_ओनर=ओरिजिनल

';*' नसेल तर काय नेलं जातंय याबद्दल शंका राहते, आणि 'बाय_ओनर' राहिलं तर नव्या प्रतींची मालकी कमांड चालवणाऱ्याकडे जाते आणि सकाळी लेखा विभागाला स्वतःच्याच फाइल्स उघडत नाहीत.

नंतर सिलॉजिकल्स.कॉममधली ओळ बदला आणि तीच ओळ हातानेही चालवा. 'प्रीव्हियस व्हॅल्यू हॅज बीन सुपरसीडेड' असा संदेश आला की जुनी व्याख्या बदलली. तो आला नाही तर नव्या व्याख्येने जुनीला हातच लावला नाही, म्हणजे नाव भलत्याच तक्त्यात बसलंय. 'शो लॉजिकल/सिस्टिम पगार' करून पाहा, आणि रांग त्यानंतरच सुरू करा. डीकेए१०० वरची जुनी प्रत लगेच पुसू नका. आधी तिच्या डिरेक्टरीचं नाव बदला, 'लेखा.डीआयआर'चं 'लेखा_जुने.डीआयआर'. कुठे पाथ थेट लिहिलेला राहिला असेल तर तो प्रोग्राम चुकीच्या फाइलवर गुपचूप लिहिण्याऐवजी तिथेच अडेल. एक महिनाअखेर आणि एक पगार पार पडला की मग पुसा.